जेमी कॅरागरला आपण कमी लेखतो का? (लिव्हरपूल, नंबर २३)

तेवीस_नंबर

मंडळी, गेल्या आठवड्यात बचावपटूंच्या धाग्यावर माल्दिनी, बरेसी, पुयोल, फर्डिनंड सगळ्यांवर भरभरून चर्चा झाली, मी कॅरागरचं नाव घेतलं तर दोघातिघांनी "तो फॅन्सचा लाडका, बाकी काय" म्हणून विषय मिटवून टाकला. तिथे वाद घातला असता तर मूळ धागा भरकटला असता, म्हणून इथे वेगळा काढतोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. जेमी कॅरागर, जन्म जानेवारी १९७८, गाव बूटल, लिव्हरपूलला लागूनच असलेला गोदीचा भाग. आख्खं करियर एकाच क्लबात. जानेवारी १९९७ मध्ये रॉय एव्हान्सने पहिल्यांदा उतरवला आणि मे २०१३ ला शेवटची मॅच, मध्ये १७ सीझन आणि ७३७ मॅचेस. लिव्हरपूलकडून यापेक्षा जास्त फक्त इयन कॅलहन खेळलाय, ८५७. युरोपातल्या मॅचेस वेगळ्या काढल्या तर कॅरागरच्या १५०, तो क्लबचा रेकॉर्ड आहे. गोल मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता मुद्दा. त्याचं कौतुक करणारे पण काय म्हणतात, तर कष्टाळू होता, जीव तोडून खेळायचा, लोकल पोरगा होता. सगळं खरं आहे. पण नुसता जीव तोडतो म्हणून सहा-सहा मॅनेजर कुणाला टीममध्ये ठेवत नाहीत हो. एव्हान्स, उलिए, बेनिटेझ, हॉजसन, डालग्लिश, रॉजर्स, प्रत्येकाची खेळायची पद्धत वेगळी आणि प्रत्येकाने याला खेळवला. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याची खरी ताकद डोक्यात होती, बॉल कुठे येणार ते त्याला इतरांच्या आधी दिसायचं, आणि लोकांना त्याचा घाम दिसला पण ते वाचन दिसलं नाही.

जरा क्रमाने बघू. लहानपणी हा फॉरवर्ड. १९९६ ला लिव्हरपूलच्या पोरांनी एफए यूथ कप जिंकला, फायनलला समोर वेस्ट हॅम, त्यांच्याकडे लॅम्पार्ड आणि रिओ फर्डिनंड, त्या टीममध्ये कॅरागर होता. सीनियर टीममध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला तो मिडफिल्डला, आणि त्याच मॅचला कॉपसमोर (लिव्हरपूलच्या मैदानातला, अॅनफिल्डचा, कट्टर फॅन्सचा स्टँड) गोल मारला. मग उलिए आला, त्याने सेंटरला हूपिया आणि आंशोझ ही जोडी बसवली, म्हणजे याची जागा गेली. याने काय केलं, राइट बॅक खेळला. २००० ला मार्कुस बाबेल राइट बॅक म्हणून आला आणि लेफ्ट बॅकला क्रिस्टियान त्सीगे आणला, जर्मनीचा, नावाजलेला. त्या सीझनला लेफ्ट बॅक कोण खेळला? कॅरागर. उजव्या पायाचा माणूस डावीकडे. त्याच सीझनला लीग कप, एफए कप, यूएफा कप तिन्ही आले. लीग कपची फायनल पेनल्टीवर गेली त्यात याने पण एक पेनल्टी मारली. पुढच्या वर्षी रीसा आला डावीकडे, बाबेल आजारी पडला, हा पुन्हा उजवीकडे. मग झेवियर आला, फिनन आला, होसेमी आला, जवळपास दरवर्षी याच्या जागेवर कोणीतरी विकत घेतलंय आणि पुढच्या ऑगस्टला बघावं तर २३ नंबर मैदानात आहेच.

२००४ ला बेनिटेझ आला आणि त्याने याला सेंटर बॅकला हूपियाशेजारी उभा केला. तेव्हा हा २६ वर्षांचा होता. तिथून पुढे जे झालं ते बघा. २००५ च्या शेवटी ओळीने ११ मॅचेस एकही गोल खाल्ला नाही, त्या सीझनला आख्ख्या लीगमध्ये २५ गोल खाल्ले. पेपे रेनाने २००६, २००७, २००८ असा तीन वेळा गोल्डन ग्लव्ह (सगळ्यात जास्त मॅचेस गोल न खाणाऱ्या कीपरचं बक्षीस) घेतला तो या बॅकलाइनच्या मागे उभा राहून. रेना मोठा कीपर आहेच, पण कीपरकडे शॉट पोचण्याआधी किती बॉल कापले गेले हे कोण मोजतं?

वेग त्याच्याकडे कधीच नव्हता. उंची पण सेंटर बॅकच्या मानाने बेतास बात. मग हा माणूस त्या काळात आन्री, ड्रोग्बा, शेव्हचेन्को, एटू यांच्यासमोर टिकला कसा? याचं उत्तर "दिल से खेळायचा" असं देऊन चालणार नाही.

लिहा तुमचं मत. क्लबयुद्ध नको, खेळावर बोलू.

रात्रपाळी

मस्त धागा. +१. वाचतोय.

ओल्डट्रॅफर्डवाला

धागा चांगला लिहिलाय पण मुद्दा पटला नाही. मी मँचेस्टर युनायटेडचा आहे, तरी क्लब बाजूला ठेवून लिहितो.

सप्टेंबर १९९९, अॅनफिल्ड, युनायटेड ३-२ ने जिंकली, त्यातले दोन गोल कॅरागरने स्वतःच्याच जाळ्यात मारलेले. एकाच मॅचला दोन. २००६ च्या एफए कप फायनलला वेस्ट हॅमचा पहिला गोल पण त्याचाच, स्कालोनीच्या क्रॉसवर. त्या दिवशी जेरार्डने शेवटच्या क्षणाला ३५ यार्डांवरून तो शॉट मारला नसता तर कप गेला होता. बॉल पायात आला की उंच लांब उडवून द्यायचा, त्यामुळे टीमला पुन्हा पुन्हा बॉलमागे पळावं लागायचं. फर्डिनंड बॉल घेऊन पुढे यायचा, पास खेळायचा, सगळी टीम वर सरकायची. विदिच हवेत एकही बॉल सोडायचा नाही. या दोघांची जोडी आणि कॅरागर, यात तुम्हाला खरंच तुलना दिसते? आणि लीग? १७ वर्षांत एकदाही नाही. २००८-०९ ला ८६ पॉइंट केले, दोनच मॅच हरले, तरी लीग आमच्याकडेच.

फॅन्स त्याच्यावर प्रेम करायचे हे मान्य. आवडणं वेगळं आणि सर्वोत्तमांत बसणं वेगळं.

तेवीस_नंबर

@ओल्डट्रॅफर्डवाला, तुम्ही दिलेल्या घटना सगळ्या खऱ्या आहेत, एकही नाकारत नाही. पण १९९९ ला तो २१ वर्षांचा होता आणि दर दोन महिन्यांनी जागा बदलत होता. ती मॅच बघून कोणीही म्हणालं असतं की हा पोरगा आता संपला, बाहेर बसवा. उलिएने बसवला नाही. हे पण बघा की स्वतःच्या जाळ्यात गोल जातो कोणाच्या, जो सहा यार्डांच्या बॉक्समध्ये फॉरवर्डच्या आधी पोचतो त्याच्या. जो मागे राहतो त्याच्या पायाला बॉल लागतच नाही, गोल फॉरवर्डच्या नावावर लागतो आणि बचावपटूचं नाव कुठेच येत नाही.

लांब बॉलचा मुद्दा बऱ्यापैकी बरोबर आहे. आजच्या काळात, कीपरपासून छोटे पास खेळत यायचं म्हटलं तर त्याला अवघड गेलं असतं. पण बचावपटूला आधी बचावावर तोलायला नको का? फर्डिनंड जास्त चांगला फुटबॉलर होता, यात वाद नाही. बॉक्समध्ये शेवटच्या दहा मिनिटांत एक गोल वाचवायचाय तर मी कॅरागर घेईन.

पेठेतला_स्टॉपर

आता ह्यात मला लिहावंच लागणार. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमकडनं स्टॉपर, म्हणजे सेंटर बॅक, खेळलोय बरीच वर्षं, आता गुडघा साथ देत नाही म्हणून पोरांना शिकवतो.

तुम्ही टीव्हीवर बघता ना तेव्हा कॅमेरा बॉलबरोबर फिरतो. स्टॉपरचं काम बॉल नसतो तेव्हाच चालू असतं. आमच्याकडं पंधरा-वीस हजार पब्लिक असतंय, दोन्ही पेठांचा आवाज असा असतोय की शेजारचा लेफ्ट बॅक दहा फुटांवर असला तरी त्याला ऐकू जात नाही. तरी बोलावं लागतं. "बाहेर या", "मागं एक हाय", "सोड त्याला, आत ये", "लाइन वर घ्या", सतत. बोलायचं थांबलं की दोन मिनिटांत गोल बसतोय, हे मी स्वतः अनुभवलंय. आणि बोलायला आधी दिसावं लागतं. समोरचा दहा नंबर बॉल घेऊन वळायच्या आधी तुमचा विंगर कुठं राहिलाय, तुमचा राइट बॅक दम लागून मागं यायला उशीर करणार का, त्यांचा फॉरवर्ड कुठल्या खांद्यावरनं पळणार, हे सगळं एका नजरेत घेऊन मग ओरडायचं असतंय. नुसतं ओरडणारे लई बघितले.

कॅरागरच्या मॅचेस मी पोरांना दाखवतो तेव्हा सांगतो बॉल बघू नका, फक्त ह्याच्याकडं बघा. नव्वद मिनिटं तोंड बंद नसतंय. हात सारखा दाखवतोय, ह्याला आत घे, त्याला बाहेर ढकल. बेनिटेझची टीम इतकी आवळून खेळायची की बॅकलाइन आणि मिडफिल्डमधी समोरच्याला वळायला जागा मिळायची नाही. आता ती लाइन चार माणसांनी एकसाथ पुढं घ्यायची असती, एक जण जरी मागं राहिला तर ऑफसाइड गेला आणि फॉरवर्ड मोकळा सुटला. ही लाइन मैदानावरनं कोण सांभाळत होता? बेनिटेझ बाहेर उभा राहून हातवारे करायचा ते ठीक, आत कोण होता?

दुसरं म्हणजे उभं राहायची पद्धत. स्लो स्टॉपरनं फॉरवर्डला चिकटून उभं राहायचं नसतंय, नाहीतर तो वळला की गेला. एक-दीड यार्ड सोडून, अंग तिरपं करून, त्याला जिकडं जायला नको तिकडची वाट बंद करून उभं राहायचं. मग तो जिकडं जाईल तिकडं तुम्ही आधीच निघालेला असता. कॅरागर हे इतकं बरोबर करायचा की त्याला पळावंच लागायचं नाही. लोक म्हणायचे स्लो हाय. अहो, पोचला तर हाय ना वेळेवर!

ओल्डट्रॅफर्डवाले भाऊ, विदिच माझा पण आवडता. पण शेजारी फर्डिनंड असणं आणि दर सीझनला शेजारचा माणूस बदलणं ह्यात फरक हाय. ह्याच्याशेजारी हूपिया, मग अॅगर, मग स्कर्टल, अॅगर तर निम्मा वेळ दुखापतीत. बॅकलाइनमधी जोडी बदलली की भाषा नव्यानं शिकवावी लागती.

रात्रपाळी

@पेठेतला_स्टॉपर काय लिहिलंय राव. यावर वेगळा धागा काढा, "स्टॉपरचं बोलणं" म्हणून. मनापासून सांगतोय.

सावनी_प

स्टॉपरदादांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आणि इस्तंबूलबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून? मग मी लिहिते.

२५ मे २००५, अतातुर्क स्टेडियम, मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल, आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झालेली मॅच. सगळ्यांना हाफटाइमला मिलान ३-० ने पुढे होते ते आठवतं आणि मग सहा मिनिटांत जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो हे तीन गोल आठवतात. पण तिसरा गोल कसा खाल्ला तो नीट बघा. मिलानच्या काकाने स्वतःच्या अर्ध्यातून लांबवर एक पास सोडला, बॉल गवतावरून वळत वळत गेला, कॅरागरने पाय पूर्ण ताणला आणि अगदी थोडक्यात त्याला बॉल मिळाला नाही. पलीकडे क्रेस्पोने कीपरच्या डोक्यावरून अलगद टाकला. असा पास दहा वर्षांत एखादा पडतो, त्याला कोणी काही करू शकलं नसतं.

हाफटाइमनंतर बेनिटेझने हामानला आणला, फिनन बाहेर, आणि मागे तिघं, कॅरागर, हूपिया, त्राओरे. म्हणजे ३-० ने मागे असलेल्या टीमने फायनलच्या मध्यात बॅकलाइनची रचनाच बदलली आणि या तिघांना ती पंधरा मिनिटांच्या ब्रेकमध्ये समजून घ्यायची होती. माझ्या मते तेवीस_नंबर यांच्या मुद्द्याचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे. चार माणसांतला सेंटर बॅक आणि तिघांतला बाजूचा सेंटर बॅक ही दोन वेगळी कामं आहेत, राइट बॅकची मोकळी जागा पण तुम्हालाच झाकायची असते. तो ती वर्षानुवर्षं राइट बॅक खेळलेला होता म्हणून त्याला ते जमलं.

मग एक्स्ट्रा टाइम. मिलानने सेर्जिन्योला डावीकडे आणलं होतं, ताज्या दमाचा, आणि तो एकामागून एक क्रॉस मारत होता. जेरार्ड त्याच्यासमोर राइट बॅकसारखा खेळत होता, इतकी टीम थकलेली. आणि इथे कॅरागर बघा. बॉक्समध्ये बॉल आत येतोय, मागे शेव्हचेन्को मोकळा आहे, हा पाय ताणून बॉल कापतो आणि तिथेच कोसळतो, पायात गोळा आलाय. चेहरा वेदनेने वाकडा झालाय, पाय ताणून घेतो, उठतो, लंगडत जागेवर जातो. थोड्या वेळाने पुन्हा तसाच बॉल, पुन्हा तोच ताणलेला पाय, पुन्हा बॉल कापला, पुन्हा जमिनीवर. पुन्हा उठला. पहिल्यांदा ज्या पायाला काकाचा पास थोडक्यात लागला नव्हता तसाच ताणलेला पाय, यावेळी दोन्हीदा लागला. मी ते आजही बघते तेव्हा माझ्या पोटरीत कळ येते.

आणि पेनल्टीच्या आधी तो आपल्या कीपरकडे, दुदेककडे धावत गेला, त्याला धरून सांगत होता की गोललाइनवर हल, त्यांचं लक्ष उडव, १९८४ च्या फायनलला रोममध्ये लिव्हरपूलचा तेव्हाचा कीपर ग्रोबेलारने पाय लटपटवले होते तसं कर. दुदेकने केलं. सेर्जिन्योचा बाहेर गेला, पिर्लोचा अडवला, शेवटी शेव्हचेन्कोचा अडवला आणि कप लिव्हरपूलचा. अंगात त्राण नसताना एकवीस वर्षांपूर्वीची फायनल आठवून कीपरला सल्ला देणारा माणूस नुसता दमेपर्यंत पळणारा असतो का?

मडगावकर

सावनीताई, फार छान लिहिलंय.

इथे गोव्यात आम्हाला या प्रकारचा प्रेम करण्याजोगा डिफेंडर माहीत आहे. आमचो महेश गवळी. डेम्पोच्या आय-लीग जिंकणाऱ्या टीममध्ये, भारताच्या टीममध्ये, गोव्यात आणि कोलकात्यात दोन्हीकडे तो खेळला, आणि फातोर्ड्याला बसलेल्या जुन्या लोकांना विचारा, फॉरवर्डची नावं विसरतील पण गवळीने घातलेला टॅकल सांगतील. तो पण असाच, बॉल येण्याआधी जागेवर. शांत होता मात्र, कॅरागरसारखा आरडाओरडा नाही. म्हणजे वाचन असलं की स्वभाव कसाही असू शकतो.

दुसरी गोष्ट लोकल असण्याची. फॅन्सना लोकल आवडतो तो फक्त आपल्या गावचा म्हणून नाही. मॅच हरल्यावर सोमवारी त्याला पण त्याच रस्त्यांवरून जायचं असतं, तीच माणसं भेटणार असतात. बूटलमधून येऊन लिव्हरपूलला खेळणं म्हणजे रोज जाब देणं. अॅनफिल्डवर त्याच्यासाठी गाणं होतं ना, बीटल्सच्या चालीवर, "आम्ही स्वप्न बघतो आख्ख्या टीमचं कॅरागरांचं", नंबर एक कॅरागर, नंबर दोन कॅरागर असं सगळे नंबर म्हणत जायचं. गोल न मारणाऱ्या माणसासाठी एवढं लांबलचक गाणं कुठल्या क्लबात आहे?

वाचनमात्र

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. एक प्रश्न, मी कुठेतरी ऐकलं की कॅरागर लहानपणी एव्हर्टनचा, म्हणजे त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी क्लबचा, सपोर्टर होता. हे खरं आहे का? मग लिव्हरपूलच्या लोकांनी त्याला आपलं कसं मानलं?

तेवीस_नंबर

@वाचनमात्र, स्वागत. हो, पक्कं खरं आहे. नुसता सपोर्टर नाही, घरच एव्हर्टनचं. त्याचं पूर्ण नाव जेम्स ली डंकन कॅरागर, त्यातलं ली हे एव्हर्टनचे मॅनेजर गॉर्डन ली यांच्यावरून आणि डंकन हे एव्हर्टनचा खेळाडू डंकन मॅकेन्झी याच्यावरून. यापुढे काय सांगायचं! लिव्हरपूलच्या अकादमीत असताना पण त्याचं मन निळ्याकडेच (एव्हर्टनचा रंग, लिव्हरपूलचा लाल) होतं आणि ते त्याने कधी लपवलं नाही.

मला वाटतं लपवलं नाही म्हणूनच लोकांनी मानलं. त्या शहरात एकाच घरात लाल-निळे दोन्ही असतात, भाऊ इकडे बाप तिकडे, त्यामुळे एव्हर्टनच्या घरात जन्मणं हा तिथे गुन्हा नाही. आणि पुढे वर्षानुवर्षं त्याने एव्हर्टनविरुद्ध ज्या तडफेने डर्बी खेळल्या त्या बघून कोणाला शंका राहिलीच नाही. सप्टेंबर २०१० ला त्याच्या सन्मानाची मॅच झाली तेव्हा समोर टीम कोणती बोलावली, एव्हर्टन. आणि त्यातले पैसे त्याने शहरातल्या पोरांसाठी काढलेल्या आपल्या फाउंडेशनला दिले, नाव त्याच नंबरचं, २३ फाउंडेशन.

ओल्डट्रॅफर्डवाला

सावनी यांचा प्रतिसाद वाचून ती मॅच पुन्हा बघितली. बॅकलाइन बदलण्याचा मुद्दा दमदार आहे, तिकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. पण इंग्लंडचं काय? ३८ मॅचेसच का? टेरी, फर्डिनंड, सोल कॅम्पबेल, लेडली किंग यांच्या मागे तो कायम राहिला, हे कुठल्या एका मॅनेजरचं मत नाही. आणि शिस्तीचं पण बोला. जानेवारी २००२, हायबरी, आर्सेनलविरुद्ध एफए कप, प्रेक्षकांतून नाणं फेकलं म्हणून याने ते उचलून परत प्रेक्षकांत भिरकावलं. रेड कार्ड आणि पोलिसांची ताकीद. कोणाच्या डोळ्याला लागलं असतं म्हणजे?

तेवीस_नंबर

नाण्याचं काही समर्थन नाही, चूकच होतं, त्याने माफी पण मागितली.

इंग्लंडचं दुखणं जुनं आहे. जी गोष्ट क्लबात त्याच्या कामी आली तीच देशाकडून खेळताना आड आली. लिव्हरपूलला कुठेही खेळव, खेळतो, म्हणून तो टीममध्ये राहिला. इंग्लंडला कुठेही खेळू शकतो म्हणून तो बाकावर ठेवायला सोयीचा झाला, एका जागेवरचे दोघं ठरलेले आणि हा सगळ्यांचा बदली. २००२ चा वर्ल्ड कप गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे गेला. २००६ ला गेल्सेनकिर्शेनला पोर्तुगालविरुद्ध काय झालं ते आठवतं ना. रूनीला रेड कार्ड मिळालेलं, दहा जण एक्स्ट्रा टाइम खेळले, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला लेननला काढून कॅरागरला आणला, केवळ पेनल्टीसाठी. आख्खी मॅच बाकावर बसलेला, पायाला बॉल लागलेला नाही. गेला, बॉल ठेवला, वळला आणि लगेच मारला, गोल. रेफ्रीने शिट्टी दिली नव्हती म्हणून परत मारायला लावला. दुसरा रिकार्डोने अडवला. लॅम्पार्ड आणि जेरार्डचेही अडवले होते, गोल झाला फक्त हारग्रीव्हजचा, पण बदली येऊन पेनल्टी हुकवणारा म्हणून शिव्या कोणाला जास्त बसल्या ते सांगायला नको.

वर्षभराने त्याने इंग्लंड सोडलं. २०१० च्या वर्ल्ड कपला तेव्हाचा मॅनेजर कापेलोच्या सांगण्यावरून आला तेवढाच.

पेठेतला_स्टॉपर

बाकावरनं उठून थेट पेनल्टी मारायला लावणं हा त्या कोचचा दोष हाय, पोराचा न्हाई. अंग थंड, मन थंड. आमच्याकडं तालमीतला म्हातारा पण असं करणार नाही.

सावनी_प

मला अजून एक प्रसंग मांडायचाय, कारण तो कोणाला आवडतो कोणाला नाही. मे २००९, वेस्ट ब्रॉमविरुद्ध, लिव्हरपूल २-० ने पुढे, लीगची शर्यत आदल्याच दिवशी संपलेली, युनायटेड चॅम्पियन झालेले. म्हणजे मॅचला तसा काही अर्थ उरलेला नाही. आणि त्यात कॅरागर आपल्याच आर्बेलोआच्या अंगावर धावून गेला, ढकलाढकली, मध्ये बाकीचे पडले. कारण काय, तर बचावात ढिलाई झाली आणि गोल बसता बसता राहिला.

तेव्हा बऱ्याच जणांना ते बेशिस्त वाटलं. मला मात्र त्यात सगळा कॅरागर दिसतो. हातातून लीग गेलेली आहे, स्कोअर सुरक्षित आहे, तरी एक क्लीन शीट (गोल न खाता संपलेली मॅच) जाईल म्हणून हा माणूस भडकतो. बचावपटूसाठी तोच गोल मारल्याचा आनंद असतो ना, शून्य. फॉरवर्ड तिसरा गोल मारायला धडपडतो तेव्हा आपण त्याला भुकेला म्हणतो, मग याला भांडकुदळ का म्हणायचं?

रात्रपाळी

शेवटची मॅच कोणी लाइव्ह बघितली का? १९ मे २०१३, क्यूपीआर. मी ऑफिसातून बघत होतो. कूटिन्योने लांबून मारलेल्या गोलवर १-० जिंकले. पण सगळ्यांच्या लक्षात राहिलाय तो कॅरागरचा शॉट. तीस यार्डांवरून बॉल त्याच्याकडे आला, एरवी तो असा बॉल कधी मारणार नाही, आणि त्याने असा काही झोडला की कीपर जागेवर, बॉल पोस्टला आपटून बाहेर. आख्ख्या स्टेडियमने डोकं धरलं. शेवटच्या काही मिनिटांत त्याला बाहेर घेतलं तेव्हा दोन्ही टीमचे फॅन्स उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच सीझनच्या पहिल्या अर्ध्यात रॉजर्सने त्याला बहुतेक बाहेर ठेवलेला, जानेवारीनंतर बचाव गळायला लागला तेव्हा परत आणला तो शेवटच्या मॅचपर्यंत खेळला. ३५ वर्षांचा होता. निवृत्ती फेब्रुवारीतच जाहीर केलेली, त्यानंतर इतकं चांगलं खेळला की लोक म्हणायला लागले अजून एक वर्ष थांब. थांबला नाही.

मडगावकर

आणि आता टीव्हीवर ऐका त्याला, युनायटेडचा जुना बचावपटू गॅरी नेव्हिलबरोबर. स्क्रीनवर चित्र थांबवून एकेका डिफेंडरच्या पायाची दिशा दाखवतो, अंग कुठे वळलंय, तो कुठे बघत होता. धागाकर्त्याचा मुद्दा तिथेच सिद्ध होतो. हे सगळं टीव्हीवर गेल्यावर शिकला नाही, मैदानात रोज हेच करत होता.

ओल्डट्रॅफर्डवाला

विश्लेषक म्हणून तो पहिल्या नंबरचा, यात दुमत नाही. माझ्या यादीत फर्डिनंड आणि विदिच वरच राहतील. पण "बाकी काय" हे वाक्य मी पुन्हा त्याच्याबद्दल लिहिणार नाही.

वाचनमात्र

सगळं वाचून आता मॅचेस बघायच्यात. इस्तंबूल सोडून कोणती आधी बघू? मी २०१५ नंतर फुटबॉल बघायला लागले, त्यामुळे त्याची एकही पूर्ण मॅच बघितलेली नाही.

तेवीस_नंबर

@वाचनमात्र, ३ मे २००५, अॅनफिल्ड, चेल्सीविरुद्धची चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल. लुईस गार्सियाचा गोल सुरुवातीलाच झालाय, त्यानंतर जवळपास पूर्ण मॅच लिव्हरपूल बचाव करतेय, समोर ड्रोग्बा, गुडयॉन्सन, लॅम्पार्ड, नंतर हूथला पण फॉरवर्ड म्हणून वर पाठवलेला. शेवटी सहा मिनिटं जास्तीची दिली आहेत. ती सहा मिनिटं बघताना स्टॉपरदादांनी सांगितलंय तसं करा, बॉल सोडून फक्त २३ नंबरकडे बघा. मग त्याच सीझनची युव्हेंटसविरुद्धची दुसरी लेग, तुरीनची, ०-०. त्यात गोल नाही, हायलाइट्समध्ये काही सापडणार नाही, पूर्ण मॅच मिळाली तरच बघा.

पेठेतला_स्टॉपर

तुरीनची मी पोरांना तीनदा दाखवलीय. लिंक मिळाली तर इथं टाका कोणीतरी, माझ्याकडची सीडी आता चालत नाही.